वेडी बाभूळ दुसऱ्यांदा फुटली, तेव्हा कळलं आम्ही चुकीच्या जागी तोडत होतो

करमाळा तालुक्यात ओढ्याला लागून आमचं साडेतीन एकराचं एक रान आहे. वडील गेल्यावर दहाएक वर्षं तिकडं कुणी फिरकलं नाही आणि रानात वेड्या बाभळीचा काटा माजला. 2018 च्या मे महिन्यात जेसीबी लावला. दोन दिवसांत रान तळहातासारखं झालं, फोटो काढून पाहुण्यारावळ्यांना पाठवले. ऑगस्टमध्ये गेलो तर प्रत्येक बुडख्याच्या कडेनं दहा-बारा कोवळे धुमारे, गुडघ्याच्या वर आलेले. 2020 ला पुन्हा जेसीबी. 2021 च्या श्रावणात पुन्हा तेच, आणि या खेपेला मधल्या ज्या तुकड्यात आधी एकही झाड नव्हतं तिथंही मेथी फोकल्यासारखी रोपं. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. त्याहून जास्त राग आला तो पहिल्यापेक्षा जाळी दाट झाल्याचा. एका खोडाच्या जागी बारा.

ज्यांच्या रानात असंच चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ‘तोडली तरी येते’ ही वरवर एक तक्रार वाटते, पण त्यात दोन दुखणी आहेत. बुडखा फुटणं वेगळं आणि बी उगवणं वेगळं. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. आणि या दोन्हींच्या आधीचं काम म्हणजे आपण जे तोडतोय ते झाड नक्की कोणतं हे बघणं. आम्ही पहिल्या वर्षी मशीनवाल्याला ‘सगळा काटा काढ’ एवढंच सांगितलं. त्यात बांधावरची दोन हिवरं गेली आणि एक सौंदड, म्हणजे शमी, गेलं. ते सौंदड आजोबांच्या वेळचं, दसऱ्याला त्याच्यापुढं नारळ फुटायचा. मशीनवाल्याचा काय दोष, सांगणारा मीच.

नावावर जाऊ नका, शेंग बघा

‘वेडी बाभूळ’ या नावाचाच घोळ आहे. आज आपण जिला वेडी म्हणतो ती प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, अमेरिकेकडून आलेली. पण जुनी माणसं देशी बाभळीतच गोडी, तेल्या, रामकाठी असे प्रकार करायची आणि त्यातल्याच एकीला वेडी म्हणायची. आमच्या सोलापूर-पुणे पट्ट्यात याच परदेशी झाडाला कितीतरी जण चिलार किंवा चिलारी म्हणतात. वनस्पतींच्या पुस्तकातली चिलार मात्र निराळीच, आकड्यांच्या काट्यांची, पिवळ्या तुऱ्यांची, कुंपणावर चढणारी झुडूपवेल. तेव्हा मजुराला नाव सांगून मोकळं होऊ नका. झाडापाशी नेऊन हात लावून दाखवा, आणि जी ठेवायची त्यांना आधीच चुन्याचा पट्टा मारा.

वेडीची शेंग पिवळसर, सरळ किंवा जराशी वाकडी, घोसानं लोंबणारी. दातानं चावून बघितली तर गोड लागते. वाळली तरी ती आपोआप फुटत नाही, बी आत घट्ट बसलेलं असतं. फूल गोल नसतं. सुरवंटासारखं लांबट, फिकट पिवळं-हिरवं लोंबतं. फांदी पेरापेराला वळण घेत नागमोडी जाते आणि काटे पानाच्या पेरापाशी, बहुधा जोडीनं. आणखी एक खूण म्हणजे भर उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असताना हिरवीगार दिसते ती हीच.

देशी बाभळीचं फूल म्हणजे पिवळा गोल गेंद, शेंग करड्या मण्यांच्या माळेसारखी. दोन बियांमध्ये शेंग आवळलेली असते, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. साल काळपट, खोल भेगांची. काटे पांढरे, सरळ, जोडीनं. हिवराची साल उलट फिकट, पिवळट-पांढरी, आणि पावसाळ्यात फांद्यांच्या टोकाला पांढरट गेंदांचे मोठाले झुपके येतात. हिवराचा डेरा छत्रीसारखा पसरट असतो. माळावर उन्हाच्या वेळी मेंढरं ज्याच्याखाली दाटीनं उभी दिसतात ते झाड पुष्कळदा हिवर.

सौंदडाला जपा, कारण घोटाळा इथंच होतो. वेडीची ती सख्खी चुलत बहीण, दोघीही प्रोसोपिस कुळातल्या, फुलंही तशीच लोंबती. पण सौंदडाचे काटे आखूड, बुडाशी रुंद, आणि ते पेरापाशी न येता दोन पेरांच्या मधल्या भागात विखुरलेले असतात. पान निळसर-करडं दिसतं. सौंदड बहुधा एका खोडाचं उभं झाड असतं, तर वेडी बुडापासूनच पाच-सहा खोडांचा झुबका करते. संशय आला तर एक फांदी हातात घ्या आणि काटा पेरावर आहे की पेरांच्या मध्ये हे बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ती दोन मिनिटं घालवली नाहीत.

खैर आमच्याकडं कमी, कोकणात आणि विदर्भात भरपूर. त्याचे काटे आखूड आणि आकड्यासारखे वाकडे, पानाच्या देठाखाली जोडीनं. साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटते, शेंग पातळ, चपटी, तपकिरी. आतला गाभा लालसर, त्याचाच कात होतो. बोरीच्या पेराला दोन काटे, एक सरळ आणि एक वाकडा, आणि पानाची खालची बाजू पांढरी लवदार. हिंगणबेटाचे काटे हिरवे, बोटभर लांब, आणि पानं दोन-दोनच्या जोडीनं. विलायती चिंचेची शेंग जिलेबीसारखी वळलेली, ती शाळकरी पोरांनासुद्धा ठाऊक असते.

खुणा बघायला वेळच नसेल तर मागच्या वर्षी तोडलेला बुडखा बघा. देशी बाभूळ जमिनीलगत तोडली तर बहुतेक वेळा मरते, फुटलीच तर अशक्त. महिनाभरात बुडख्याभोवती धुमाऱ्यांचा झुबका उभा राहिला तर तो पाहुणा परदेशी समजा. खैर, बोर, हिवर ही देशी असूनही फुटतात, तेव्हा ही खूण फक्त बाभूळ की वेडी एवढ्या निवाड्यापुरतीच वापरायची.

ही वेडी आली कुठून, हा पारावरचा आवडता विषय. 72 च्या दुष्काळात सरकारनं विमानातून बी टाकलं असं म्हातारी माणसं छातीठोक सांगतात. झाड त्याच्या पुष्कळ आधी आलेलं आहे. 1877 च्या सुमारास त्याचं बी आंध्रातल्या कडप्पा भागात लावलं गेलं. पुढं वाळू थोपवायला, सरपणाला म्हणून ठिकठिकाणी मुद्दाम लावलं, जोधपूर संस्थानानं तर 1940 मध्ये त्याला ‘शाही झाडा’चा मान दिला होता. कच्छात त्याला ‘गांडो बावळ’ म्हणतात. गांडो म्हणजे वेडा. तिकडं बन्नीच्या गवताळ रानाचा केवढा तरी भाग त्यानं खाल्ला. दोन वेगळ्या भाषांतल्या शेतकऱ्यांना एकच विशेषण सुचलं, यात सगळं आलं.

बुडखा का फुटतो

हे मला पुस्तकानं नाही, शेजारच्या आबांनी दाखवलं. 2021 चा श्रावण. मी धुमारे कोयत्यानं सपासप तोडत होतो. आबा बांधावर बसून बघत होते. शेवटी उठून आले.

“आरं, असं केस कापल्यावानी काय कापतुयास? उगवायचंच की ते.”

“मग काय करू आबा, तुम्ही सांगा.”

त्यांनी पहार मागितली. बुडख्याच्या एका अंगानं वीतभर माती उकरली, मग हातानं मूळ मोकळं केलं. वरचं खोड काळपट, खडबडीत, खालचं मूळ पिवळट आणि गुळगुळीत. दोन्ही जिथं मिळतात तिथं गळ्याला गंडमाळा आल्यासारखी गाठाळ, फुगलेली जागा. त्या गाठींतूनच कोवळे लाल-हिरवे डोळे वर निघालेले होते. काही तर मातीच्या चार बोटं खालून.

“ही मान. तू डोस्कं मारतुयास आन् मान तशीच ठिवतुयास. मानंखाली तोड, पुन्ना न्हाई फुटायची.”

सगळं गुपित एवढंच. या झाडाचे झोपलेले डोळे खोड-मुळाच्या सांध्याभोवती, जमिनीच्या किंचित वर आणि खाली असतात. त्याच्या खालचं निव्वळ मूळ फुटत नाही. आपण कुऱ्हाडीनं जमिनीबरोबर तोडतो, म्हणजे मान शाबूत राहते आणि वरचं खोड गेल्यामुळे सगळे झोपलेले डोळे एकदम जागे होतात. मे महिन्यात जेसीबी लावला तर याहून वाईट होतं. जमीन दगडासारखी झालेली असते, बकेटचा दणका बसला की खोड मानेच्या वरच कडकन मोडतं. वरून रान साफ दिसतं आणि खाली हजार माना वाट बघत असतात.

तेव्हा तोडायची जागा जमिनीखाली आहे, साधारण एक फूट. कोवळ्या झाडाला वीतभरसुद्धा पुरतं. ओढ्याकाठी मात्र दरवर्षी गाळ चढतो आणि मान खोल गाडली जाते. आमच्या खालच्या पट्ट्यात ती दोन फुटांवर सापडली. तिथं अंदाजानं तोडू नका, गाठाळ भाग डोळ्यांनी दिसेपर्यंत उकरा.

वेळ वाफशाची. पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर किंवा परतीच्या पावसानंतर, माती पहारीला ऐकते तेव्हा. मनगटाएवढ्या बुडख्याला एका माणसाला पहार, टिकाव आणि कुऱ्हाडीनं साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. मांडीएवढा असेल तर मशीनच लावा, पण सांगून लावा. आधी एका बाजूनं बकेटच्या दातांनी चर घ्यायचा, मग विरुद्ध बाजूनं झाड मुळासकट कलवायचं. मशीनच्या मागं कुऱ्हाड घेतलेला एक माणूस ठेवायचा आणि त्यानं प्रत्येक खड्ड्यात उतरून मान निघाली का बघायचं. या माणसाचा रोज द्यायला आम्ही पहिल्या दोन्ही वेळा नको म्हणालो होतो. उपसलेला बुडखा मुळं वर करून उन्हात टाका. ओल्या मातीत आडवा पडला तर त्यातला एखादा पुन्हा जीव धरतो.

कोळसा भट्टीवाले येऊन ‘फुकट तोडून नेतो’ म्हणतात, तो सौदा नीट ऐका. त्यांना खोड हवं असतं, मान नाही. जमिनीबरोबर तोडून जातात आणि दोन वर्षांनी पुन्हा विचारायला येतात, कारण तोवर माल दुप्पट झालेला असतो. त्यांचं त्यात काही चुकत नाही. सौदा करायचाच तर बुडखे काढून देण्याच्या बोलीवर करा. बोली ऐकून निम्मे लोक निघून जातात.

जे करून बघितलं आणि उपयोग झाला नाही

बुडख्यावर खडे मीठ. बुडखा फुटलाच, वर भोवतालच्या हातभर जागेत दोन वर्षं गवत आलं नाही. जळकं ऑइल ओतलं, नुसती घाण झाली. बुडख्यावर पाचट रचून पेटवलं, तर वरची साल जळाली आणि पावसानंतर मातीखालच्या डोळ्यांतून धुमारे आले. त्या दिवशी वारा फिरला आणि शेजारच्या उसाच्या बांधापर्यंत जाळ गेला, ते वेगळंच. बॅटरीचं ॲसिड वगैरे सांगणारे भेटतील. त्यांच्या रानात जाऊन बघा, वेडी तिथंही असते.

तणनाशकाबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. ताज्या कापावर औषध लावायची पद्धत जगभर वापरतात, आणि तिचं मर्म ‘ताज्या’ या शब्दात आहे. तोडल्यावर तासाभरानं लावलं तर झाड ते आत ओढत नाही. पण आपल्याकडं कुठलं औषध कुठल्या कामाला परवाना असलेलं आहे हे डब्यावरच्या लेबलवरून आणि कृषी सहायकाला विचारूनच ठरवा. ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना केंद्रानं 2022 मध्ये काढलेली आहे, तेव्हा दुकानदार देतो म्हणून घेऊ नका. ओढा, विहीर जवळ असेल तर मी तरी पहारच हातात घेईन.

माना काढल्या, तरी रोपं कुठून आली?

आम्हाला हे कोडं वर्षभर सुटलं नाही. बुडख्याच्या जागी काहीच नाही, आणि मधल्या मोकळ्या तुकड्यात रोपंच रोपं. जवळून बघितल्यावर दिसलं की रोपं सारखी विखुरलेली नाहीत. एक मोठा, साधारण चौकोनी पट्टा दाट हिरवा आणि त्याच्या बाहेर तुरळक. तो चौकोन म्हणजे उन्हाळ्यात मेंढरं बसवली होती ती जागा. खतासाठी मीच धनगरांना विनवून दोन रात्री वाडा बसवून घेतला होता. लेंड्यांचा एक सुकलेला ढेपा फोडला तर त्यात चार बिया फुगलेल्या आणि एकीला मोड आलेला.

वेडीचं बी टणक कवचाचं. जसंच्या तसं मातीत पडलं तर ते अनेक वर्षं तसंच पडून राहतं. पण जनावराच्या पोटातून गेलं की कवच मऊ होतं आणि वर खताची उशी मिळते. शेंग गोड आहे ती काही उगाच नाही. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, झालंच तर रानडुकरं, सगळी शेंगा खातात आणि मैलोन्‌मैल बी पेरत फिरतात. एकट्या तुमच्या रानातली वेडी संपवून त्यामुळेच भागत नाही, गायरानातली तुमच्या शेणात येते.

यावर आम्ही काय केलं ते सांगतो. मेंढरं बसवणं बंद केलं नाही, ते खत सोडवत नाही. पण वाडा आता फक्त त्या तुकड्यात बसतो जो पुढं नांगरून पेरायचा आहे. नांगरट, कुळवणी आणि कोळपणी होणाऱ्या रानात वेडीचं रोप टिकत नाही. ती दिसते बांधावर, पडकात, पाणंदीला, चारीच्या कडेला, जिथं औत फिरत नाही तिथं. शेणखत पडकाकडं न्यायचं तर पूर्ण कुजलेलं, उकिरडा दोनदा पालथा घालून तापलेला. कच्चं शेण पडकात टाकणं म्हणजे स्वतःच्या हातानं पेरणी.

शेंगा झाडावर पिवळ्या होऊ लागल्या की आकडीनं पाडून गोळा करायच्या. वाया घालवायच्या नाहीत, वाळवून बीसकट भरडल्या की खाद्यात मिसळता येतात, आणि बी फुटल्यामुळे पसरायचं भय उरत नाही. मात्र नुसत्या शेंगांवर जनावर ठेवू नका. महिनोन्‌महिने जास्त शेंगा खाल्लेल्या जनावराच्या जबड्याचे आणि जिभेचे स्नायू दुबळे पडतात, चावता येत नाही, तोंड वाकडं होतं.

उगवलेल्या रोपांना उपाय एकच, श्रावणात उपटणं. ओल्या मातीतून टाचेएवढं रोप दोन बोटांनी निघतं. तेच दिवाळीपर्यंत ठेवलं तर खुरपं लागतं, आणि पुढच्या जूनला पहार. वर हातभर दिसणाऱ्या रोपाचं सोटमूळ खाली त्याहून लांब गेलेलं असतं. वर्षात तीन फेऱ्या धरा: नागपंचमीच्या आसपास पहिली, गौरी-गणपतीनंतर दुसरी, दिवाळीनंतर तिसरी. साडेतीन एकराला पहिल्या वर्षी प्रत्येक फेरीला चार बायका दोन दिवस लागल्या.

मोकळं रान मोकळं सोडू नका

वेडीच्या रोपाला ऊन लागतं. दाट गवतात किंवा सावलीत ते मान टाकतं. काटा काढला की लगेच त्या जागी काहीतरी बसवा. आम्ही मारवेल गवताचे ठोंब आणून लावले, बांधाला गिरिपुष्प. गवत दोन वर्षांत धरलं. ते कापून आणून जनावरांना घालतो, जनावरं आत सोडत नाही, नाहीतर पुन्हा शेणातून बी. काटा नाही म्हणून सुबाभूळ लावायचा मोह होईल, त्याला बळी पडू नका. तिचंही बी असंच सुटतं आणि चार वर्षांनी तुम्ही त्याच पहारीनं तिच्यामागं लागलेले असाल.

सगळीच वेडी काढायला हवी असंही नाही. ओढ्याच्या दरडीवरची आम्ही ठेवली, कारण तिची मुळं दरड धरून आहेत, आणि ओढ्याचं पात्र काही आपल्या मालकीचं नसतं. त्या झुबक्यांतलं एक जाड, सरळ खोड राखलं, बाकीची तोडली, खालचे धुमारे दर दोन महिन्यांनी खुडले. तीन वर्षांत त्याचं झाड झालं. खाली सावली पडली आणि धुमारे येणंच कमी झालं. सरपण चांगलं मिळतं, जळताना धूर कमी. मधमाश्या फुलांवर तुटून पडतात. ज्याच्याकडं मनुष्यबळ नाही त्यानं बुडखे खोदण्याच्या आधी हा मार्ग बघावा, पण शेंगा गोळा करायची तयारी असेल तरच.

बोराटी: काढू नका, डोळा भरा

रानबोरीचीही हीच तक्रार येते, दरवर्षी तोडा आणि दरवर्षी येते. पण बोरीचं मूळ हे भांडवल आहे. बांधावरची बोराटी उन्हाळ्यात जमिनीपासून हातभर वर छाटायची, नवे फुटवे आले की जोमदार एक-दोन ठेवून बाकी काढायचे आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्यावर उमराण या गोड जातीचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं. खाली रानटी मूळ, वर गोड बोर. पाण्याची फारशी कटकट नाही. गावोगाव डोळे भरणारी कसबी माणसं असतात, त्यांच्याकडून भरून घ्या, घरी शिकण्यात एक हंगाम जातो. डोळ्याखालून येणारे रानटी फुटवे मात्र वर्षभर खुडत राहा, नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा टिचभर आंबट बोरं.

काटा गोळा करणं हेच खरं काम

झाड पाडायला एक दिवस, फेसाट्या, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, गोळा करायला तीन. हे कुणी आधी सांगत नाही. वेडीचा काटा वाळून मोडत नाही, वाळला की जास्त कडक होतो. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या फांद्या उचलल्या आणि बारीक काटकी तशीच ठेवून रोटाव्हेटर फिरवला. झालं, सगळ्या रानात काटा सारखा कालवला गेला. त्या हंगामात ट्रॅक्टरचं पुढचं टायर दोनदा पंक्चर, आणि बैल दाव्याला लंगडत.

फांद्या हातानं ओढू नका. लांब बेळकं घ्या, म्हणजे पुढं दोन फाटे असलेली काठी, तिनं ढकलत न्या. ढीग एकाच जागी, लहान-लहान नकोत. शेंगा लागलेल्या फांद्या कुंपणाच्या कुपाटीला वापरू नका, नाहीतर कुंपणाच्या ओळीत नवी वेडी उगवते. जुना ढीग उचलताना आधी काठीनं हलवा. खाली विंचू असतो, कधी फुरसंही. पायात बूट हवेत, रबरी चपलेच्या तळव्यातून काटा पार होतो. वरच्या फांद्या तोडताना डोळ्याला साधा चष्मा लावा. आमच्याकडं एका मजुराच्या बुबुळाला फांदी चाटून गेली, नशिबानं डोळा वाचला.

काटा रुतलाच तर आमच्याकडं रुईचा चीक लावतात. लावणाऱ्यानं तोच हात डोळ्याला लावला म्हणजे काय होतं ते ज्यानं भोगलंय त्याला विचारा, बुबुळ सुजतं आणि दिसेनासं होतं. सरळ सुई तापवून काढा, धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. टोक आत मोडलं आणि गुडघ्याचा किंवा बोटाचा सांधा आठ-दहा दिवसांनीही सुजलेलाच असेल तर डॉक्टरांना ‘काटा मोडलाय’ हे स्वतःहून सांगा. लाकडाचा काटा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. माझ्या मेहुण्यांच्या अंगठ्यात दीड महिना होता, आणि तोवर संधिवाताच्या गोळ्या चालू होत्या.

कागदाचं

खैर असेल तर थांबा. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत साग, चंदन, मोह, आंबा, चिंच यांच्याबरोबर खैरही आहे. आपल्या सातबाऱ्यावरचा असला तरी परवानगीशिवाय हात लावू नका, आणि ‘बाभूळच आहे’ असं कुणी व्यापारी सांगत असेल तर वर दिलेला आकड्यासारखा काटा बघा. वेडीसाठी सहसा कुणी अडवत नाही. पण लाकूड टेम्पोत भरून गावाबाहेर न्यायचं असेल तर आधी वनपालांना विचारून घ्या, नाक्यावर उभं राहून विचारण्यापेक्षा ते सोपं. सामाईक बांधावरचं झाड असेल तर शेजाऱ्याला सांगूनच तोडा. बांधाच्या भांडणापुढं वेडीचा काटा मऊ वाटतो.

आमच्या रानाची आजची स्थिती अशी: 2021 नंतर मान काढलेला एकही बुडखा फुटला नाही. पाच-सहा जागी फुटवे दिसले, खोदून बघितलं तर त्या त्याच जागा निघाल्या जिथं दमून आम्ही वरच्यावर तोडलं होतं. यंदा नागपंचमीच्या फेरीला निघालेली रोपं मोजली, त्रेसष्ट. पहिल्या वर्षी मोजायचा प्रश्न नव्हता, पाट्या भरून निघाली होती. त्रेसष्टमधली चाळीसहून जास्त पाणंदीच्या कडेची होती, जिथून गावची जनावरं जातात. बांधावर आबांच्या हातानं एक सौंदड लावलंय. अजून कंबरेएवढंच आहे, भोवती वेडीच्याच फेसाट्यांची कुपाटी केलीय, शेंगा झटकून.